भोक बुजवलेली कुंडी

मी एक जुनी मातीची कुंडी आहे. खरे सांगायचे तर, होते. आता माझा एक वाकडा तुकडा तेवढा उरला आहे. मित्रांनो, फार बोलायचे त्राण माझ्यात नाही, म्हणून मधे मधे प्रश्न विचारू नका.

कुंभाराने मला घडवले, वाळवले, भट्टीत भाजले. हे सगळ्याच कुंड्या सांगतात, मी पाल्हाळ लावत नाही. एकच ध्यानात ठेवा. माती ओली होती तेव्हा त्याने माझ्या बुडाला अंगठ्याने भोक पाडले आणि म्हणाला, "हे नसेल तर तू नुसतं गाडगं." मला ते लागले. धड अंग घडवायचे आणि त्यालाच भोक पाडायचे, ही कुठली रीत! पण पुढे जन्मभर मी जे काम केले, ते त्या भोकाच्याच जिवावर.

मला विकत घेतले एका शिंप्याने. सगळे त्यांना मास्तर म्हणत. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी शिलाई मशीन आणि खिडकीबाहेरच्या अरुंद कट्ट्यावर मी. त्यांच्या लहान मुलीने सरबताच्या लिंबातली एक बी माझ्यात खोचली. ती उगवली. मुलगी वाढली तसे रोपही वाढले. त्या दिवसांत माझे कौतुक होत असे. "कुंडी चांगली लाभली हो!" असे येणारेजाणारे म्हणत.

मग मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली. मास्तरांना ते मुळीच रुचले नाही. आपल्यामागे मशीनवर ती बसेल, हे त्यांनी मनात कधीच ठरवून टाकले होते. पण ते मोकळेपणी बोलले नाहीत, नुसते फुरंगटून बसले. निघताना ती म्हणाली, "बाबा, माझं लिंबू सांभाळा." त्यांनी मशीनवरून मान वर केली नाही.

त्यानंतर तिचा फोन आला की बापलेकीचे बोलणे ठरलेले. "लिंबू कसं आहे?" "मजेत आहे." की फोन आईच्या हातात. एवढ्या एका रोपावर त्यांचे सगळे नाते तगून होते.

आता माझ्या दुखण्याकडे येते. खालच्या मजल्यावरच्या काकू दोरीवर कपडे वाळत घालत. पाणी घातले की माझ्या बुडातून तांबूस थेंब खाली पडत. एक दिवस त्या तरातरा वर आल्या.

"मास्तर, माझ्या पांढऱ्या चादरीला काठ लावायला मी तुम्हाला सांगितलं होतं का?"

मास्तर ओशाळले. शिंप्याला भोक दिसले की त्याची बोटे शिवशिवतात. त्यांनी मला आडवे केले, माझ्या भोकात चिंध्या ठासल्या आणि वरून दोऱ्याला लावायचे मेण वितळवून ओतले. एकही थेंब बाहेर येईना. काम अगदी चोख झाले होते, आणि माझा घात झाला तो त्यामुळेच.

पाणी माझ्या पोटात साचू लागले. आधी खालची पाने पिवळी पडली. आई म्हणाल्या, "अहो, पाणी कमी पडतंय त्याला." म्हणून जास्त पाणी. मग पाने कडेने आत वळली. काकू म्हणाल्या, "ऊन सोसत नाही." म्हणून मला आत, अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवले. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका दिसू लागला, तर कुणीतरी खत सुचवले. तेही मूठभर आले. आजारी माणसापुढे पंचपक्वान्ने वाढावीत, तसला प्रकार! मला बोलता येत असते तर मी ओरडले असते, "अरे, ते पाण्यात उभे राहून तहानलेले आहे! मुळे कुजली, आता ते पिणार कशाने?" माझ्या अंगावर शेवाळ चढले, पोटातून कुबट वास येऊ लागला. पण सगळे पानांकडेच बघत होते. मी दमले होते, मित्रांनो. कुणी बघत नाही या गोष्टीनेच जास्त दमायला होते.

मास्तर रोज गळलेली पाने वेचून खिशात टाकत, आईंना दिसू नयेत म्हणून. फोनवर मात्र "मजेत आहे" चालूच. आणि अशात मुलीने कळवले, की ती सुट्टीला घरी येते आहे. मास्तरांचे धाबे दणाणले. ते एक पिवळे पान घेऊन रोपे विकणाऱ्याकडे गेले. त्याने पान उलटून पाहिले.

"कीड तर नाही. पण मास्तर, कुणी नुसती बाही आणून विचारलं, शर्ट का तंग होतो, तर सांगाल का तुम्ही?"

घरी येऊन ते बराच वेळ माझ्यासमोर उकिडवे बसले. मग त्यांनी आपणहून मुलीला फोन लावला. तसे त्यांनी आजवर केले नव्हते.

"लिंबू मजेत नाही गं. मी खोटं बोलत होतो. पिवळं पडलंय, पानं वळलीयत. मला काही जमेना."

ती हळूच म्हणाली, "बाबा, शिवण कुठं चुकली ते कळेना, की तुम्ही काय करता?"

"कपडा उलटा करतो."

"मग करा ना."

त्यांनी मला आडवे केले. हात बुडाशी गेला आणि मेणावर थांबला. स्वतःची कारागिरी त्यांनी लगेच ओळखली. "मीच बुजवलं होतं," ते म्हणाले. कात्रीच्या टोकाने चिंध्या ओढताच काळे, घाणेरडे पाणी भळभळा वाहिले आणि मला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास मिळाला.

पण रोप निघेना. माझे पोट मोठे आणि तोंड अरुंद. आईंनी हातोडी आणून दिली. मास्तर माझ्या काठावरून हात फिरवत म्हणाले, "माफ कर गं बाई." त्यांनी मला फोडले. राग आला का? नाही. आत काही जिवंत मुळे अजून पांढरी होती, हे मी फुटताना पाहिले.

मुलगी आली तेव्हा रोप नव्या कुंडीत होते. काळी मुळे कापलेली, फांद्या जवळजवळ बोडक्या, पण फांदीवरच्या एका डोळ्यातून कोंबाचे हिरवे टोक निघालेले. कुंडीखाली थाळी होती, काकूंच्या चादरीसाठी. पाणी घातले की मास्तर थोड्या वेळाने ती आठवणीने रिकामी करत.

"जुनी कुंडी कुठे गेली?" तिने विचारले.

"आहे की आत. भोकावर तिचाच तुकडा पालथा ठेवलाय. माती अडते, पाणी जातं." मग खाली बघत ते म्हणाले, "परत कधी निघायचंय तुला? सांग, म्हणजे बॅगेची चेन बदलून ठेवतो. अडकते ती."

तिने झारी उचलली आणि दोघांनी मिळून पाणी घातले.

तर मित्रांनो, पान पिवळे पडले, वळले, की लगेच पाणी ओतू नका. आधी मातीत बोट घाला, मग कुंडीच्या बुडाखाली हात घालून बघा. मी इथे अंधारात पालथी पडून आहे. थकले आहे, पण कामात आहे. माझ्या पाठीवरून पाणी जाते आणि मी त्याला अडवत नाही.