मुंगीची तयारी

डॉक्टरीणबाईंनी "मुंगी" अशी हाक मारली आणि आमच्या पोरीने चटकन वर पाहिलं. बाईंच्या कपाळाच्या बरोबर मध्यावर. तिथेच बघायचं, असं मी शिकवलं होतं. डोळ्यांत बघायचा तिला त्रास होतो.

"छान," म्हणत बाईंनी कागदावर बरोबरची खूण केली. शेजारी बसलेल्या बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र मनात मोजलं: एक झालं, दोन राहिले.

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. शिकवतो कसला, पास करतो. बावीस वर्षांत मी अशी अशी माणसं पास केलीत की ती रस्त्यावर दिसली की मीच फुटपाथवर चढतो. परीक्षेत काय येणार ते ठाऊक असलं की झालं. गाडी येवो न येवो.

मुंगी दोन वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा माझी आई म्हणाली, तूही चार वर्षं मुका होतास, आता तुला गप्प कोण बसवतंय? नेहमीचे डॉक्टर म्हणाले, लाजाळू आहे. मग कान तपासले, ते ठणठणीत निघाले. यात दीड वर्ष गेलं. शेवटी एका नर्सने हाक मारून, बोट दाखवायला सांगून, खेळण्यातला फोन हातात देऊन पाहिलं आणि ऑटिझम असू शकेल म्हणाली. पण ते ठरवणार या डॉक्टरीणबाई, आणि त्यांची तारीख मिळाली नऊ महिन्यांनंतरची.

त्या शब्दाची मला इतकी धास्ती की घरात तो मी कुणाला उच्चारूही द्यायचो नाही. आणि पेपर तर नर्सने फोडलाच होता. रोज दुपारी शिकवणीच्या गाडीत मुंगीला शेजारी बसवायचो, हाक मारायचो. तिने कपाळाकडे पाहिलं की वायपर सुरू. वायपरवर पोरीचा भारी जीव. काचेवर तो हलायला लागला की तिचाही पंजा तसाच हलायचा. मग बोट दाखवणं, मग फोन. बायकोला यातलं काही सांगितलं नाही. तिला वाटलं, पोर आपोआप सुधारतेय. बहिणीला फोनवर ते सांगताना तिचा आवाज असा खुलायचा की माझी जीभच उचलायची नाही.

आता बाईंनी फोन दिला, मुंगीने कानाला लावला. दिवा कुठेय विचारलं, तिने बोट दाखवलं. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. मग मुंगीने हात वर केला आणि पंजा डावीउजवीकडे हलवायला लागली.

"बघा, टाटा करतेय," बाई हसल्या. बोलण्यात मागे आहे, पण तसं काळजीचं काही दिसत नाही, वर्षभराने पुन्हा आणा, असं त्यांनी सांगितलं. पुढचे आईबाप दारात येऊन उभेही राहिले.

ती टाटा करत नव्हती. वायपर मागत होती. सगळं बरोबर केलं तरी तो सुरू का होत नाही, म्हणून तिचा हात जोरजोरात हलायला लागला. अशा मुलांना शिकवणाऱ्या मदत केंद्रात बाईंच्या कागदाशिवाय घेत नाहीत, आणि पाच वर्षांपुढच्या मुलांना तर मुळीच नाही. मुंगी सव्वाचार वर्षांची होती; वर्षभराने सव्वापाच. मी तिला पास करून वाऱ्यावर सोडत होतो.

"डॉक्टर, हे खरं नाही," मी म्हणालो. "मी तिच्याकडून घोकून घेतलंय."

मग गाडी, कपाळ, वायपर, सगळं सांगून टाकलं. बाई चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी दारातल्या लोकांना थोडं थांबायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

बायको माझ्याकडे बघत होती.

"सकाळी उठल्यावर माझ्याकडे बघते," ती हळू म्हणाली, "तेपण तुम्हीच शिकवलंत?"

"तुझ्याकडे बघितलं तरच गाडीत नेतो तिला."

बाईंनी नवा कोरा फॉर्म घेतला आणि म्हणाल्या, आता आईने सांगायचं, अगदी पहिल्यापासून. आजवर प्रत्येक डॉक्टरपुढे तीही सावरूनच बोलायची: कधीकधी बघते, मनात असलं की ऐकते. आज तिने मांडीवरची पर्स खाली ठेवली.

"दीड वर्षाची होती तेव्हापासून," ती म्हणाली, "ही माझ्याकडे बघत नाही."