करंजाचे डॉक्टर

बिल्डिंगसमोरच्या करंजाला रोग लागलाय, असं अवधूतरावांच्या लक्षात आलं आणि त्यांच्या निवृत्तीला काम मिळालं. शाळेच्या कचेरीत जन्म गेला, पण मोबाइलवर चार फोटो बघून त्यांनी निदान ठोकून दिलं: पानांवरचे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण.

"पेशंट कसा आहे, डॉक्टर?" बायको, सरोजिनीबाई, रोज विचारायच्या. अवधूतराव निंबोळी तेलाचा पंप घेऊन गंभीर चेहऱ्याने जिना उतरायचे.

गंभीर व्हायला कारणही होतं. एक फांदी वाळली होती आणि सोसायटीचे सेक्रेटरी केसरीनाथ अख्खं झाडच पाडायला निघाले होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सरोजिनीबाई खाली उतरायच्या त्या या सावलीत बसण्यापुरत्या. सावली गेली तर ही घरातच बसेल, या भीतीने अवधूतरावांना झोप लागत नव्हती. बायकोला मात्र त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं.

ईदच्या सुट्टीत पानं स्वच्छ झाली. अवधूतरावांनी केसरीनाथांना हाताला धरून आणलं. "बघा, उतरला रोग!" सुट्टी संपली, शेजारच्या निजामपुऱ्यातले बंद असलेले कापडाचे लूम पुन्हा खडखडू लागले आणि पुंजके परत हजर.

"अहो, एवढी वर्षं इथे राहून लूमचा उडालेला कापूस ओळखता येईना?" सरोजिनीबाईंना हसू आवरेना. "कापसाला औषध पाजत होतात!"

केसरीनाथ हसले नाहीत. "फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर? उद्या माणसं बोलावलीत," म्हणाले आणि गेले.

अवधूतराव बुंध्याशी मटकन बसले. सरोजिनीबाईंनी नेहमीप्रमाणे खुर्चीमागच्या खोडावर केरसुणी फिरवली. तपकिरी काहीतरी खाली पडलं.

"काय झाडतेस?"

"जळमट. रोज झाडते, रोज येतं मेलं."

अवधूतरावांनी ते उचललं. जळमट नव्हतंच ते. कुरतडलेली साल आणि विष्ठा धाग्यांत गुंफली होती. त्याच्या मागे खोडाला भोक होतं, आणि तशीच भोकं वाळलेल्या फांदीच्या बेचक्यापर्यंत. या वेळी त्यांनी फोटो दोनदा ताडून पाहिले. साल खाणारी अळी. दिवसा भोकात दडते, रात्री बाहेर येऊन चरते.

"म्हणजे मी रोज पुरावा झाडून टाकत होते?" सरोजिनीबाईंचं तोंड एवढंसं झालं.

"बरं झालं, मी एकटाच शहाणा नाही," अवधूतराव म्हणाले.

भोकांत तार घालून त्यांनी आतल्या अळ्या मारल्या. मग पेट्रोलचा बोळा कोंबून वरून चिखल लिंपायचा होता. पेट्रोल निघालं केसरीनाथांच्या स्कूटरमधून, कुरकुरत का होईना. कापूस सरोजिनीबाईंनी पानांवरूनच वेचून दिला.

दुसऱ्या दिवशी माणसं आली ती केसरीनाथांच्याच सांगण्यावरून वाळलेली फांदी तेवढी कापून गेली. पुढे खोडावर ती जळमटं पुन्हा दिसली नाहीत आणि कापल्या जागेशेजारी पोपटी पालवी फुटली. त्या संध्याकाळी अवधूतरावांनी एकदाचं सांगून टाकलं, "मला वाटलं, झाड गेलं तर तू उतरायचीच नाहीस."

"सावली समोरच्या भिंतीचीही पडते," सरोजिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही दिवसभर इथे असता, म्हणून उतरते मी."

चष्मा पुसायला अवधूतरावांनी बराच वेळ घेतला.

"उद्या जरा लवकर उतर," ते म्हणाले. "तपासणी आहे."