धर्मक्षेत्रातली पेटी

वासुदेवांच्या नाटकातले गाव इंग्लंडातले होते, काळ व्हिक्टोरिया राणीचा आणि भांडण एका पेटीचे. चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन वाजवणाऱ्या गावकऱ्यांना हटवून नवे पाद्री पेटी आणू पाहतात, आणि सगळे पॅरिश, म्हणजे त्या चर्चच्या छत्राखालचे गाव, भर सभेत एकमेकांवर तुटून पडते. निदान संहितेत तसे लिहिले होते. आखातातल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका इमारतीच्या हॉलमध्ये मात्र, प्रयोग दोन दिवसांवर आला तरी, तालमीत कोणीही तुटून पडत नव्हते. हा प्रसंग पडला की नाटकच पडणार, हे वासुदेवांना पक्के ठाऊक होते.

‘पॅरिश’साठी त्यांनी तीन आठवडे कोश धुंडाळून ‘धर्मक्षेत्र’ हा शब्द योजला होता. तो उच्चारताच नटांचे हात आपोआप जुळत. पुस्तक धरून बसलेल्या उर्मिलाबाई नवऱ्याला, म्हणजे वासुदेवांना, म्हणाल्या की ही सभा नसून आरती चालली आहे.

वृद्ध व्हायोलिनवादकाची भूमिका अलीमियाँची. मूळचे रत्नागिरीचे, तालमीसाठी फुजैराहून गाडी हाकत येणारे. हे धर्मक्षेत्र असते तरी काय, असे त्यांनी शेवटी विचारले. छपराची वर्गणी, पुढच्या रांगेचा मान, दफनाची जागा, असे एकेक ऐकत त्यांना हसू फुटले.

“म्हणजे जमातच की, वासुदेवराव. आमच्या मशिदीत नवे पंखे कुठल्या रांगेवर लावायचे, यावरून माझा मेहुणा अजून माझ्याकडे पाठ करून बसतो.”

मराठीत जमात म्हणजे टोळी, शिवाय शब्द अरबी, असा वासुदेवांनी सविस्तर प्रतिवाद केला.

“अरबी आहे खरा,” अलीमियाँ म्हणाले, “पण आपण उभे कुठे आहोत ते तरी बघा.”

उर्मिलाबाई हसल्या. वासुदेवांनी नाइलाजाने एकदा म्हणून पाहायची परवानगी दिली.

अलीमियाँ उठले. “या जमातीत माझ्या बापानं व्हायोलिन वाजवलं. पेटी येईल ती माझ्या छातीवरून.”

चर्चचा कारभारी झालेला परेश संहिता विसरून उसळला. “तुझा बाप सूर सोडून सगळं वाजवायचा.”

मग सगळेच एकदम बोलू लागले, आणि खालचा वॉचमन काही झाले आहे का, हे पाहायला वर आला.

वासुदेवांनी एकेचाळीस ठिकाणी ‘धर्मक्षेत्र’ खोडले. परेशचे वाक्यही संहितेत घेतले. फक्त ‘वाजवायचा’चे ‘वाजवीत असे’ करू लागले, तोच उर्मिलाबाईंनी हातातले पेन काढून घेतले.