खळ

माझ्या बोटांना कापड कळतं, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. त्यामुळे चादरींचा धंदा काढला तेव्हा कापड निवडायचं मी आणि शिवायचं धाकट्या जावेने, अशी वाटणी मीच करून टाकली. घरात मला 'शेठाणी' म्हणायला लागले. मला ते आवडायचं, हे वेगळं सांगायला नको.

गेस्ट हाउसवाल्या बाईंनी नमुन्यादाखल सहा चादरी मागितल्या होत्या. पसंत पडल्या तर सगळ्या खोल्यांचं काम आमचं. त्या भरवशावर जावेने टेलरच्या दुकानातली नोकरी सोडली.

कापडाच्या दुकानात मी डोळे मिटून तागे चाचपले. एक हाताला लागला, गुळगुळीत, कडक, चांगला भरीव.

"ताई, तुकडा नेऊन धुऊन बघू या का?" जाऊ म्हणाली.

"अगं, ही बोटं काय उगाच आहेत?"

दुकानदाराने जोरात मान डोलावली. तो कशाला नाही म्हणेल!

चादरी शिवून झाल्या. जावेने हौसेने प्रत्येकीच्या कोपऱ्यात आम्हा दोघींच्या नावांची पहिली अक्षरं भरली. पोचवायच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी उरलेला तुकडा फरशी पुसायला घेतला आणि बादलीत बुडवला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. त्यांनी तो पिळून उजेडात धरला, तर पलीकडची खिडकी दिसली.

"शेठाणी, यात कापड कमी आणि खळच जास्त आहे," त्या म्हणाल्या.

माझं तोंड एवढंसं झालं. तरी अक्कल कुठे यायला! "पहिल्या धुण्यापर्यंत काही कळणार नाही त्यांना," मी पुटपुटले.

जावेने कात्री घेतली आणि चादरीच्या कोपऱ्यातलं स्वतःचं अक्षर उसवायला बसली. माझं तसंच ठेवलं.

ते बघून मला रडूच कोसळलं. बाईंना फोन मी केला. "चादरी फसल्या. कापड मी निवडलं होतं, शिवणारीची चूक नाही. थोडी मुदत द्या."

बाई म्हणाल्या, "आणा. पण धुतलेल्या आणा."

दुपारी आम्ही दोघी पुन्हा त्याच दुकानात. दुकानदार हसत पुढे आला. "या, या! चहा सांगू?"

"चहा नको," जाऊ म्हणाली. "एक भांडं पाणी द्या."

मी दोन्ही हात पाठीमागे बांधून शहाण्या मुलीसारखी उभी राहिले.