कटरच्या नख्या आणि दुपारची गाडी

आमच्या ह्यांना मी केव्हाची सांगत होते, परसातलं ते वाळकं झाड पाडा. "आज पाडतो, उद्या पाडतो" यातच सगळं चाललं होतं. शेवटी झाडच कंटाळलं आणि आपणहून पडलं. बरं पडलं ते पडलं, पण कुठं पडावं? थेट संडासाच्या दारात. आणि आत कोण? माझी आई!

"कोणी गं दाराला धक्का मारला?" आतून आवाज आला.

हातातली भांडी टाकून मी पळत सुटले. वाऱ्याचा एकच झपाटा आला होता, पण तेवढ्यानं काम केलं. हे एवढं जाडजूड खोड दाराला आडवं टेकून पडलं होतं. आणि दार बाहेर उघडणारं. आईला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण बाहेर यायची सोय राहिली नव्हती.

हे धोतर सावरत आले. झाड बघितलं, दार बघितलं, आणि पहिला प्रश्न काय विचारला? "गाडीला वेळ किती आहे?"

आता यात त्यांचीही चूक नाही म्हणा. आई चार दिवसांसाठी म्हणून आली आणि थंडी संपली तरी मुक्काम हलेना. ह्यांची खाट तिची झाली, पंख्याखालची जागा तिची झाली, आणि हे गोठ्याच्या माळ्यावर गवतात झोपायला लागले. पहाटे पहाटे ती खालून हाक मारायची, "जावईबापू, जागे आहात का?" हे दचकून उठले की म्हणायची, "झोपा, झोपा. सहज विचारलं." कसंबसं आज दुपारच्या गाडीनं जायचं ठरलं होतं. पेटीचं झाकण लागेना तर हे स्वतः त्यावर बसले, मग कुठं कुलूप लागलं. पण तिनं बजावून ठेवलं होतं, "आजची गाडी चुकली तर मग पावसाळा काढूनच जाईन. सारखं सारखं निघायला जमत नाही मला."

पावसाळ्यात गोठ्याचा माळा गळतो. ह्यांनी साखळीचं कटर बाहेर काढलं.

फांद्या तर सपासप उडाल्या. मलाही वाटलं, आता काय, झालंच काम. पण पातं खोडावर टेकलं मात्र, कटरनं ह्यांना असा काही हिसका दिला की कपाळ खोडावर आपटता आपटता राहिलं. परत टेकवलं, तर सालीवरून सरकून भलतीकडेच गेलं. हे जोर लावून दाबतायत, कटर थरथरतंय, दोऱ्याएवढीच काय ती खाच पडतेय. हात भरून आले, सदरा भिजला.

"अहो, नख्या कुठं गेल्या ह्याच्या?" मी विचारलं.

"कसल्या नख्या?"

"पात्याच्या मुळाशी असतात त्या! लोखंडी, दातेरी."

"त्या होय? काढून फेकल्या. डहाळ्यांत अडकायच्या नुसत्या. माझी नवी विजार फाडली त्यांनी."

"डहाळ्यांना नकोतच त्या. पण जाड खोडाला लागतात ना! त्या लाकडात रुतवायच्या आणि मागची मूठ वर उचलायची, मग पातं आपोआप खाली उतरतं. कटर हिसके देत नाही, सरकत नाही, अंगातली ताकद जात नाही. मी लाकडाच्या वखारीत वाढलेय, मला शिकवू नका."

"शोभेच्या असतात त्या," हे म्हणाले आणि पुन्हा एक हिसका खाऊन मटकन खाली बसले.

आत आईचं चाललंच होतं. "जावईबापू, आवाजावरून कळतंय मला. कटर नुसतं घसरतंय. नख्या लावल्या नाहीत का?"

"आई, त्या भंगारात गेल्या कधीच!" मी ओरडले.

आत एकदम शांतता. माझी आई गप्प बसली म्हणजे काहीतरी भानगड आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

"आई?"

"भंगारात होत्या," ती हळूच म्हणाली. "आता पेटीत आहेत. पाठ खाजवायला फार बऱ्या पडतात गं."

ह्यांनी कपाळाला हात लावला. ज्या पेटीवर सगळा भार टाकून बसले होते, तिच्यातच नख्या!

"किल्ली टाका बाहेर! झरोक्यातून टाका!"

"ती परकराच्या नाडीला बांधलीय. गाठ सुटेना."

"अहो मग नाडी तोडा ना!"

"आणि बाहेर कशी येऊ?"

 हे गोल गोल फिरायला लागले. गाठ सोडताना आई आतून सांगत होती, "सैल झाली... नाही झाली... आता झाली बघा..." आणि लांबून खालच्या गावात गाडीचा भोंगा ऐकू आला. तेवढ्यात किल्ली झरोक्यातून आली ती ह्यांच्या टकलावर. पण माणूस हूं की चूं न करता किल्ली घेऊन पळाला.

पेटीतून नख्या निघाल्या त्या आमटी वाढायच्या माझ्याच हरवलेल्या डावाच्या दांड्याला सुतळीनं बांधलेल्या. डावावरून मी नंतर बोलायचं ठरवलं. दोन बोल्ट आवळले, नख्या खोडाला रुतवल्या, मूठ उचलली, आणि पातं असं सरळ खाली उतरायला लागलं की हे बघतच राहिले. भुसा नुसता भसाभसा उडत होता. कटर अडकू नये म्हणून चिरेत मी पाचर ठोकली.

"अगं, काहीच जोर लागत नाही!"

"शोभेच्या ना?"

"बडबड नको! गाडी येईल!"

दोन ठिकाणी कापून मधला तुकडा आम्ही दोघांनी ढकलून दिला. दार उघडलं. ह्यांनी आईकडे बघितलंसुद्धा नाही. पेटी उचलून थेट डोक्यावर घेतली. "चला आई, पळा! वळणावर आली गाडी!"

आई जागची हलेना. ती ह्यांच्याकडे बघत राहिली. अंगभर भुसा, सदरा फाटलेला, गुडघा फुटलेला, टकलावर टेंगूळ. बघता बघता तिचे डोळे भरून आले. ती त्या कापलेल्या तुकड्यावरच बसली.

"मला मेलीला वाटायचं, जावयाला माझा कंटाळा आलाय. म्हणूनच निघाले होते हो मी! माझ्या पोटच्या पोरांनी माझ्यासाठी कधी एवढा जीव टाकला नाही."

"आई, गाडी..."

"जाऊ दे मेली गाडी! असा जावई सोडून कुठं जाऊ मी? ठेवा ती पेटी खाली."

गाडी वळणावर थांबली, दोनदा भोंगा वाजवला आणि धूळ उडवत निघून गेली. हे पेटी डोक्यावर घेऊन तसेच उभे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी पटकन पदर तोंडात कोंबला.

"बघा," आई डोळे पुसत म्हणाली, "तिलासुद्धा रडू आवरेना."