अकराव्या मण्याचा चमत्कार

सकाळी दहाला टेलिफोनच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. हिशेबनीस, टंकलेखिका, शिपाई, झाडून सगळे स्पीकरच्या फोनभोवती जमलेले आणि मधोमध खुर्चीत भूत उतरवायला बोलावलेले तरंगबाबा. ती खुर्ची मावशींची. तीस वर्षं त्यांनी या ऑफिसचे फोन जोडले, गेल्या वर्षी त्या वारल्या आणि तिथे त्यांची भाची बसू लागली. तिला सगळे भाचीच म्हणत. आज मात्र तिला भिंतीशी उभं केलं होतं.

भानगड अशी, की हे ऑफिस थोरल्या साहेबांचं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाचं त्यांच्या धाकट्या भावाचं. महिन्यापूर्वी दोन्हीकडची फोनयंत्रं नव्या डिजिटल लाइनने जोडली, आणि तेव्हापासून त्या लाइनवर बोलताना मधूनच 'टक्' वाजायचं, अर्धा शब्द गिळला जायचा. मावशींना टेबलावर पेन्सिल आपटायची सवय होती. मग काय, मावशीच आल्या म्हणे! दोन दिवसांत त्या जिन्यातही दिसल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बाबांनी निदान केलं, की आत्मा भाचीला धरून आहे, तिला इथून हलवा. साहेबांनी तिच्या बदलीचा कागद टाइप करून ठेवला, सही तेवढी बाकी होती. भाचीला नोकरीपेक्षा मावशीचं वाईट वाटत होतं. जिने जन्मभर लोकांची बोलणी जोडली, ती मेल्यावर तोडायला कशाला येईल?

"ब्रह्मांडाची कंपनं डिजिटल झाली, की आत्म्याला आयती वाट मिळते," बाबा डोळे मिटून म्हणाले. साहेबांनी मान डोलावली. कळलं कुणालाच नव्हतं, म्हणून तर पटलं होतं.

टक् नीट ऐकू यावं, म्हणून पलीकडे धाकट्यांनी फोनजवळ धून लावून ठेवली होती. बाबांनी माळ ओढली आणि एकदम गरजले, "बोल!"

टक्.

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. थोड्या वेळाने पुन्हा "बोल", पुन्हा टक्. टंकलेखिकेने हात जोडले. भाचीचं लक्ष बाबांच्या अंगठ्याकडे गेलं. सेकंदाला एक मणी सरकत होता. तिने भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. अकरा मणी, अकरा सेकंद. पुढच्या वेळीही अकराच.

तिने बाबांकडे माळ मागितली. माळेविना आत्मा रुसतो, असं बाबा म्हणाले. "बरं, राहू द्या," म्हणत ती फोनकडे पाठ करून मनगटावरचं घड्याळ बघत उभी राहिली.

"बोल, मावशी."

टक्. असं ओळीने पाच वेळा झालं. हिशेबनीस दाराकडे सरकत पुटपुटले, की हिच्याही अंगात आलं.

भाचीने टेबलाच्या खणातून लाइन जोडतानाचे दोन फॉर्म काढले. काल तिने तंत्रज्ञाला फोन केला होता, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला होता: घड्याळ कोणाचं चालतं? त्याचा अर्थ तिला आत्ता लागला, तो तिने सगळ्यांना सांगितला. यंत्रं बोलण्याचे बारीक तुकडे करून आतल्या घड्याळाच्या ठेक्यावर पाठवतात. एकाने ठेका धरायचा, दुसऱ्याने त्याच्यामागे चालायचं. दोन्ही आपापल्या ठेक्यावर चालली, की केसाएवढा फरक साचत जातो आणि दर अकरा सेकंदांनी एक तुकडा सांडतो. तेच हे टक्. फॉर्मवर 'मुख्य घड्याळ' या रकान्यात थोरल्यांनी लिहिलं होतं, आमचं. धाकट्यांनीही लिहिलं होतं, आमचं.

"मग त्यांनी बदलावं," थोरले म्हणाले.

धून थांबली. "आम्ही का म्हणून?" धाकटे पलीकडून कडाडले, आणि त्यातला 'का' सांडला.

दोघांची जुंपली. बदलीच्या कागदावर अजून सही नव्हती, म्हणजे यंत्र अजून भाचीच्याच ताब्यात होतं. तिने आपल्या यंत्राला धाकट्यांच्या ठेक्यामागे लावलं. अकरावा मणी सरकला. बाबांनी सवयीने "बोल" म्हटलं आणि काहीच वाजलं नाही. धाकट्यांचं अख्खं वाक्य, शिव्यांसकट, स्वच्छ ऐकू आलं.

बाबा उठले, तशी भाची मावशीच्या खुर्चीत बसली. साहेबांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली.

"पुढच्या वेळी काही वाजलं, तर आधी मोजा," ती सगळ्यांना म्हणाली. "घाबरायचं की नाही, ते मग ठरवा. आणि मेलेल्या बाईवर आळ घालण्याआधी जिवंत माणसांचे फॉर्म वाचा."