दोन पट्ट्यांची विभूती

"दगड येऊन किती दिस झाले, अन् मला दावंना गेलाय. नवरा माझा, दगड माझ्या नवऱ्याचा, अन् माझ्यापासूनच झाकून ठिवायलाय! असला कसला लेक म्हनायचा ह्यो?"

चंद्रम्मा बोलत होती सुनेशी, पण आवाज लावला होता गच्चीवर मांडव बांधून घेणाऱ्या लेकासाठी. नेत्रावती खाली मान घालून कणीक मळत राहिली. सासू अशी पेटली की तिला फुंकर घालायची नसते, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती. तरी हळूच म्हणाली,

"अव्वा, स्वामी आल्यावर उघडायचा हाय म्हनं."

"नवरीचं त्वांड हाय का ते, मुहूर्तावर उघडायला?"

रेवणप्पाला जाऊन वर्ष झालं होतं. बिदरात मैलूरच्या या नव्या घरी सकाळी जंगम स्वामींच्या हातून पूजा, मग जेवणं, आणि ऊन उतरल्यावर सगळ्यांनी कमठाण्याला जाऊन शेतातल्या समाधीवर दगड बसवायचा, असा बेत होता. काळाभोर दगड, आणि त्यावर मशीनने कोरलेलं रेवणप्पाचं चित्र. हा दगड व्हावा म्हणून चंद्रम्मानेच वर्षभर लेकाच्या मागे टुमणं लावलं होतं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. पण अलीकडे डोळे मिटल्यावरही नवऱ्याचा चेहरा पुसट येऊ लागला होता, त्याची धास्ती बसली होती. ते तोंड ऊनपावसात टिकेल अशा कशावर तरी राहावं, हात फिरवला तर हाताला लागावं, एवढीच तिची मागणी होती.

रेवणप्पा गुळव्या होता, रस आटवून गूळ करणारा. दसरा सरून गुऱ्हाळं पेटली की तो घरचा उरत नसे. आज कमठाण्याला, उद्या निर्ण्याला, कुणाच्या ना कुणाच्या मळ्यात काहिलीपाशी उभा. ऊस दुसऱ्याचा, काहील दुसऱ्याची, निघालेला गूळही दुसऱ्याचा. पण आसपासच्या गावांत लोक ढेप फोडून खडा तोंडात टाकायचे आणि मळेवाल्याचं नावही न घेता म्हणायचे, "रेवणप्पाचा हात दिसायलाय." सोमशेखरने पुढे आडत दुकान घातलं तेव्हा पहिले शेतकरी आले ते बापाच्या या हाताकडे बघून.

घरी येताना काकवीची किटली कधी चुकली नाही. पोरं दारातच तुटून पडायची. हा माणूस मात्र भाकरी ठेच्याशी खायचा. गोडाचा वास अंगात इतका मुरला होता की जिभेला गोड नकोसं झालेलं. चंद्रम्माला तो वास आवडायचा. धुराचा, चिपाडाचा, करपत आलेल्या रसाचा. तिने हे त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर चढून बसला असता.

म्हातारपणीही दात शाबूत होते. नात शिवकन्या कॉलेजात जाऊ लागली तरी हा ओट्यावर बसून दातांनी ऊस सोलायचा आणि गंडेऱ्या तिच्या हातावर ठेवायचा.

"मुत्त्या, उष्टं की हे!"

"आगं, सोलनाऱ्यानं गोडी बघाय नको का? फिक्कं निगालं तर मीच खाऊन टाकतो."

आणि त्याचा तो उजवा हात.

सोमशेखर तेव्हा नुकता पळायला लागला होता. चंद्रम्मा भाकरी घेऊन गुऱ्हाळावर गेली, टोपली उतरवेपर्यंत पोरगं हातातून निसटलं आणि काहिलीच्या कडेला टाकलेल्या मळीवर घसरलं. आत रस उकळत होता. रेवणप्पाने डाव्या हाताने पोराची बंडी धरली. तोल सावरायला उजवा टेकवला, तो काहिलीतच. कोपरापर्यंत. रस उसळला तो गालावर. त्याने आधी पोराला तिच्या ओच्यात टाकलं आणि मग ओरडला. पोराला काय झालं? टाचेवर एक थेंब उडाला. ज्वारीच्या दाण्याएवढा डाग राहिला.

बापाचा गाल कानापर्यंत चुरगळला तो तसाच राहिला. अंगठ्याजवळची दोन बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. पुढच्या हंगामाला तो त्याच हाताने पुन्हा काहिलीवर उभा होता. सकाळी लिंगपूजेला बसला की कपाळावर तीन बोटांनी विभूतीचे तीन पट्टे ओढायला जायचा आणि दोनच उठायचे, एक जाड आणि एक बारीक. एका नवख्या स्वामींनी टोकलं तर हसून म्हणाला, "शिवाला ठावं हाय की स्वामी, दोघं गळ्यात गळा घालून गेलेत म्हनून."

हे आठवलं आणि चंद्रम्माला राहवेना. ती बैठकीच्या खोलीत गेली आणि भिंतीला टेकवलेल्या दगडावरची चादर तिने ओढून काढली.

दगडावर एक माणूस बसला होता. अंगात कोट. गाल कसे तांब्याच्या घागरीसारखे गुळगुळीत. कपाळावर पट्टीने आखावेत तसे तीन पट्टे. मांडीवर हात, आणि हाताची बोटं सगळी सुटी सुटी. डोळ्यांचा दोष असेल म्हणून तिने पदराने डोळे पुसले, खाली बसली, गालावरून बोट फिरवलं. गार आणि सपाट.

"शिवकन्या, खाली काय लिवलंय वाच गं."

फुलं घेऊन आलेली शिवकन्या दारातच थबकली. "लिंगैक्य रेवणप्पा... प्रसिद्ध गूळ व्यापारी."

"गुळव्या न्हाई लिवलं?"

"न्हाई, अज्जी."

सोमशेखर गच्चीवरून घाईघाईने खाली आला. चादर जमिनीवर बघून त्याने कपाळाला हात लावला.

"ह्यो कोन हाय रं?" चंद्रम्मा म्हणाली.

"आसं काय करायलीस अव्वा? अप्पाच की."

"मी न्हाई वळखत. परक्या बाप्याला माझ्या घरात कामून आनून बसवलास?"

"शिवकन्येनं काढलेलाच फोटो दिला व्हता. फोटोवाल्यानं जरासा साफ केला, एवढंच."

"साफ करायला भांडं हाय का ते? अन् कोट कुनाचा? जल्मात कोट घातला न्हवता त्यांनी. लग्नातबी न्हाई."

सोमशेखर तिच्यासमोर उकिडवा बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मला त्यो डाग बघू वाटत न्हवता, अव्वा. ल्हानपनापासून. जेवाय शेजारी बसलो की नजर तिथंच जायची. माझ्यापायी झालं ना समदं ते. आता दगडावरबी रोज तेच बघू का?"

मिशा पिकलेला लेक तिच्यापुढे पोरासारखा बसला होता. इतकी वर्षं हे याच्या पोटात होतं आणि आपल्याला कळलं नाही! तिला स्वतःच्याच तोंडाचा राग आला. दगडावरचा माणूस अजूनही परकाच होता, पण लेक तर आपला होता.

"ऊठ," ती म्हणाली. "सकाळपासून पोटात काय न्हाई तुझ्या. दूध घे जा घोटभर." आणि चादर घडी घालून तिने बाजूला ठेवली.

स्वामी आले. पाठोपाठ कलबुर्गीचे पाहुणे आले. शिवकन्येला बघून गेलेल्या मुलाचे वडील पंचाक्षरी, जाडजूड, बोलायला गोड, कापडाच्या धंद्यातले. त्यांनी दगडापुढे हात जोडले आणि मान डोलावली.

"काय तेज हाय हो चेहऱ्यावर! पैल्यापासून व्यापारच का यांचा?"

चंद्रम्मा आतल्या दाराशी पूजेचं ताट घेऊन उभी होती. सोमशेखरची तिच्याकडे पाठ होती.

"व्हय की," सोमशेखर म्हणाला. "गादीवर बसूनच समदा कारभार. गुऱ्हाळावर आमची गडीमानसं असायची. अप्पांनी कधी जाळाजवळ पाऊल टाकलं न्हाई."

मघाशी ओला झालेला आवाज आता खणखणीत कोरडा होता. वाक्य कुठे अडखळलंही नाही. पुष्कळदा म्हटल्यासारखं सरळ आलं. चंद्रम्माने नेत्रावतीकडे बघितलं. नेत्रावतीने नजर काढून घेतली आणि नसलेला कचरा उचलायला वाकली. म्हणजे घरात हे सगळ्यांनाच माहीत होतं. चादर फक्त तिच्यासाठी घातली होती, आणि मघाचं ते उकिडवं बसणंही एक चादरच होती.

"या अव्वा," स्वामी म्हणाले, "पैली विभूती तुमच्या हातची."

ती आली. शिवकन्येने हात देऊन खाली बसवलं. चंद्रम्माने विभूतीच्या गट्टीवर पाण्याचे थेंब सोडले, उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं एकमेकांना घट्ट चिकटवली आणि तिसऱ्या बोटासकट दगडावरच्या त्या आखीव तीन पट्ट्यांवरून ओढली. एक जाड, एक बारीक. मग उरलेली ओली राख सगळ्या तळव्याला फासली आणि तळवा त्या गुळगुळीत गालावर दाबून कानापर्यंत ओढत नेला. काळ्या दगडावर राख वेडीवाकडी, चुरगळलेली उठली.

पंचाक्षरी पुढे वाकले. "गालाला का वो, अव्वा?"

"अव्वा," सोमशेखर दातांतून म्हणाला, "पाव्हने हायेत."

"पाव्हन्यालाच सांगायलेय." ती पंचाक्षरींकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. "आमचे मालक गुळव्या व्हते, अण्णा. दुसऱ्याच्या काहिलीवर जल्म काडला त्यांनी. गादी त्यांना म्हाईत न्हवती. ह्यो गाल अन् ह्यो हात कशानं भाजला, ते ह्यो माझा लेक सांगंल तुमाला. त्यो तिथंच व्हता."

स्वामींच्या हातातली घंटा हातातच राहिली. सोमशेखर पूजेसाठी अनवाणी उभा होता. चंद्रम्माने खाली बसल्या बसल्या त्याच्या पायांकडे बघितलं. मोतीबिंदूतूनही तिला ती टाच बरोबर दिसली.

"बापाचा डाग काडलास, सोमशेखर. आता तुझ्या टाचेवरला तेवढा राहिलाय. त्योबी त्या फोटोवाल्याकडून साफ करून घे, अन् मग पाहिजे त्याचा लेक म्हनून सांगत फिर."